दहा डिसमिलची वही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ब्रह्मपुरीच्या भागात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. दुसरा दिवस लाकडी बैलांचा आणि त्यांच्या लहान लहान मालकांचा. पोरे आपापला बैल दोरीने ओढीत मारुतीच्या देवळापुढे रांगेने उभी राहतात. गावातली चार वडील माणसे त्या रांगेवरून फिरतात. कोणाच्या बैलाची झूल पाहतात, कोणाच्या बैलाच्या गळ्यातले घुंगरू हलवून पाहतात, आणि शेवटी कोणाला वही, कोणाला पेन्सिल असे बक्षीस देतात. ज्याला मिळत नाही तो घरी जाईपर्यंत मायच्या पदराआड तोंड लपवतो. तुम्ही विदर्भातले असाल तर त्या रांगेत कधी तरी उभे राहिलाच असाल. आपली वस्तू चारचौघांपुढे मांडायची, ती कोणी तरी पारखायची, आणि जो निकाल लागेल तो ऐकून घरी जायचे, याचा पहिला धडा आमच्याकडची पोरे तिथेच गिरवतात.

आज मला बोलायचे आहे ते या रांगेच्या पुढल्या इयत्तेविषयी. मुलांनी स्वतः शेत करावे, त्याचा हिशेब ठेवावा आणि पीक प्रदर्शनात मांडावे, ही कल्पना जगात बरीच जुनी आहे. १९०२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या एका शिक्षकाने मुलामुलींचे शेतीमंडळ काढले. मोठी माणसे नवे बियाणे घ्यायला कचरतात, पण पोर ते हौसेने पेरते, आणि पोराचे पीक चांगले आले की बाप गुपचूप पाहून जातो, हा अनुभव तिकडे पुष्कळांना आला. त्यातूनच पुढे तिकडची ‘फोर-एच’ मंडळे वाढली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य, या चारही गोष्टींची इंग्रजी नावे ‘एच’ या अक्षराने सुरू होतात, म्हणून हे नाव.

आपल्याकडे १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गावोगाव ग्रामसेवक फिरू लागले. १९५३ पासून भाताच्या जपानी पद्धतीचा प्रचार झाला : गादीवाफ्यावर रोपे, दोरी लावून ओळीत रोवणी, आणि मोजून खत. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषिप्रदर्शन भरले. त्यामागची मोठी खटपट आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांची आणि त्यांच्या भारत कृषक समाजाची. त्या वाऱ्याची एक झुळूक आमच्या खेड्यापर्यंतही आली. ग्रामसेवकाने शाळेतल्या मोठ्या मुलांचे एक युवक मंडळ काढले. मंडळात यायचे असेल तर अट एकच : घरून एक बांधी मागून घ्यायची, ती पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंत आपण करायची आणि रोज वही लिहायची.

ते १९६५ साल. मी चौदा वर्षांचा होतो.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पूर्वेला वैनगंगा, भोवती झाडी आणि मधल्या सखल जमिनीत धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला तुकडा. या बांध्यांना पाणी पाजतात ते गावोगावचे जुने तलाव. मालगुजारी गेली तेव्हा त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले आणि लोकांच्या तोंडी त्याचे सुटसुटीत ‘मामा तलाव’ झाले. पाऊस चांगला असला तर मामाकडे कोणी वळून पाहत नाही. हस्ताचा पाऊस चुकला, की सारे गाव भाच्यासारखे मामाच्या दाराशी उभे.

मी बाबांकडे बांधी मागितली तेव्हा आजा रागावला. “पोराच्या खेळासाठी तलावाखालची बांधी? वर्षाचा दाणा आहे तिथं!” बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “देतो तुले दहा डिसमिल. पण शेवटी मले सांगता आलं पाहिजे, किती गेलं अन् किती आलं.”

दहा डिसमिल म्हणजे एकराचा दहावा भाग. आज ऐकताना क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात पावसाळ्याच्या शेवटी कणगी रिकामी होत असे, त्या घराने तेवढी जमीन पोराच्या हाती देणे ही लहान गोष्ट नव्हती.

पहिला धडा मिठाच्या पाण्याचा. ग्रामसेवकाने घंगाळात पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवले आणि माझे लुचईचे बियाणे त्यात ओतले. पाहता पाहता मूठ दोन मुठी धान वर तरंगले. वरून पाहिले तर ते तळाच्या धानासारखेच दिसत होते. रंग तोच, टरफल तेच. “हे पोचट. आत दाणा नाही. काढून टाक,” तो म्हणाला. तळाचे धान चांगल्या पाण्याने दोनतीनदा धुऊन आम्ही सावलीत वाळवले. आजही दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, हे प्रमाण भाताच्या बियाण्यासाठी सांगतात. तुम्ही धान पेरीत असाल तर हे करीत जा. खर्च मिठाचा आणि फायदा वर्षाचा.

मग वही. ग्रामसेवकाने रूळ घेऊन रकाने आखून दिले : तारीख, काय काम केले, बियाणे किती व कोठून आणले, खत किती, मजुरी किती, पाणी केव्हा व कसे मिळाले. मी लिहू लागलो. मायने रोवण्याचा अर्धा दिवस मदत केली तेही लिहिले. बाबा हसले, म्हणाले, “मायची मजुरी लावली का नाही?” तोवर आमच्या घरात मायच्या कामाची मजुरी कोणी कधी मोजलीच नव्हती. मी ती वहीत मांडली. माय काही बोलली नाही, पण संध्याकाळी वही उघडून तो आकडा पाहताना मी तिला पाहिले. तिला वाचता येत नव्हते.

दोरी लावून ओळीत रोवणी केली तेव्हा येणारेजाणारे धुऱ्यावर थांबत आणि थट्टा करीत. “धान लावते का रांगोळी काढते रे?” भाद्रपदात मात्र थट्टा थांबली. फुटवे असे आले की बांधी भरून गेली. मी रोज सकाळी जाऊन पाही. खरे सांगतो, मला त्या वेळी धानापेक्षा प्रदर्शनच जास्त दिसू लागले होते.

आणि पावसाने दगा दिला. १९६५ चे ते साल देशभरच अवर्षणाचे गेले, हे तुम्ही वाचले असेल. लोंबी निघायची वेळ, हस्त कोरडा, आणि बांधीला भेगा पडू लागल्या. धानाला या दिवसांत पाणी मिळाले नाही तर लोंबी निघते, पण दाणा भरत नाही. मामा तलावात पाणी बेताचे होते. पंचांनी पाळ्या ठरवल्या. आमची पाळी येऊन गेली आणि पुढची आठ दिवसांनी होती.

आमच्या खालच्या अंगाला एका विधवा बाईची बांधी होती. आम्ही तिला काकी म्हणत असू. तिला एक लहान मुलगा, मागेपुढे कोणी नाही. एका रात्री तिची पाळी होती आणि तिचा पाट माझ्या धुऱ्यालगतच जात होता. घरची माणसे झोपल्यावर मी फावडे घेऊन उठलो. पाट फोडला. पाणी माझ्या बांधीत शिरताना जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. पहाटे चिखल लावून मी पाट पुन्हा बुजवला आणि घरी येऊन पडलो. सकाळी वहीत लिहिले : ‘पाणी पाळीप्रमाणे मिळाले.’

दोन शब्द खरे होते. एक शब्द खोटा होता.

माझे धान भरले. कापणीच्या दिवशी अधिकारी आले, त्यांनी बांधीच्या मधोमध दोरीने चौकोन आखला, तेवढेच वेगळे कापून, झोडून तोलले. सबंध बांधीचे मिळून एकशे चाळीस किलो धान निघाले. आमच्या घराण्यात दहा डिसमिलात एवढे कोणी पाहिले नव्हते. पुढे थंडीत तालुक्याच्या जागी प्रदर्शन भरले. लांब मंडपात टेबले, त्यांवर धानाच्या पेंढ्या, लाखोळी, जवस, भोपळे, आणि प्रत्येकापुढे नाव लिहिलेली चिठ्ठी. परीक्षक माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी पेंढी उचलली, पण पाहिली जास्त ती वही. “हस्तात पाऊस नव्हता. पाणी?” मी म्हणालो, “पाळीनं मिळालं, साहेब.” त्यांनी मान हलवली. मला पहिले बक्षीस मिळाले : एक नवे फावडे आणि प्रशस्तिपत्र. दुसरे बक्षीस पलीकडच्या गावच्या एका मुलीला गेले. तिची पेंढी माझ्यापेक्षा लहान होती.

परतताना बैलगाडीत काकीही होती. बाजारासाठी आली होती. तिने ते फावडे हातात घेतले, पात्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, “पुढच्या साली माझ्या पोराले बी अशी वही शिकवजो बाप्पा. मले तर कायी कळत नाही. औंदा आमचं धान पोचटच निघालं.”

मित्रहो, रस्ता सहा कोसांचा होता. मी एक शब्द बोललो नाही.

रात्री बाबांना सगळे सांगितले. ते मारतील असे वाटले होते. त्यांनी मारले नाही. म्हणाले, “वही आण.” मी ती ओळ दाखवली. त्यांनाही वाचता येत नव्हते, त्यांनी नुसते तिच्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “मी म्हटलं होतं, किती गेलं अन् किती आलं ते सांगता आलं पाहिजे. हे कोनाचं गेलं?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दोन पोती धान घेऊन काकीकडे गेलो. मीच सांगायचे, असे बाबांनी बजावले होते. मी सांगितले. तुम्हाला वाटेल की तिने मला पोटाशी धरले असेल. तसे झाले नाही. ती बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिली. मग म्हणाली, “त्या रात्री पोर घेऊन पाटापाशी बसलेली होती मी. पानी आलं नाही. मले वाटलं तलावच आटला. म्हणून सकाळी खालची अर्धी बांधी ढोरांले सोडली.”

हे मला ठाऊकच नव्हते. मी एका रात्रीचे पाणी घेतले असे समजत होतो. तिने त्यापायी उभे पीक सोडून दिले होते. दोन पोत्यांत ते कसे मापायचे? तिने धान ठेवून घेतले. तिला गरज होती. पण पुढले दोन पोळे ती माझ्याशी बोलली नाही.

फावडे आणि प्रशस्तिपत्र मी ग्रामसेवकाकडे नेऊन दिले. तो तरुणच माणूस होता. त्याच्या मंडळाचे पहिलेच बक्षीस असे गेले म्हणून त्याचा चेहरा उतरला. तरी त्याने मला वही फाडू दिली नाही. “ओळ खोडू नको. तिच्यावर एक रेघ मार, खाली खरं लिही आणि सही कर. काय चुकलं तेही वाचता आलं पाहिजे.” पहिले बक्षीस त्या मुलीला मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, पोरवयातल्या एका चुकीचे इतके काय? माझे म्हणणे असे की शेतीमंडळाचे आणि प्रदर्शनाचे मोल इथेच आहे. शाळेच्या पेपरात चूक झाली तर गुण आपलेच जातात. बांधीत चूक केली तर ती पाटाने वाहत खालच्या माणसापर्यंत जाते. आणि हे कळायला बांधी लहान असली तरी पुरते. फक्त ती खरी हवी, तिच्यात घरचा दाणा अडकलेला हवा. मोठ्यांनी सारे करून ठेवायचे आणि मुलाने प्रदर्शनात नुसते पेंढीजवळ उभे राहायचे, यातून मूल एकच गोष्ट शिकते, आणि ती म्हणजे उभे राहणे.

वहीतल्या त्या एका रकान्याचे महत्त्व मला फार पुढे उमगले, तो म्हणजे ‘बियाणे कोठून आणले’. त्यासाठी आमच्या शेजारच्याच नागभीड तालुक्यात यावे लागेल. तिथल्या नांदेड नावाच्या लहान गावी दादाजी खोब्रागडे राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या पिकात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा बारीक. शेकडो माणसे त्या पिकाजवळून गेली असतील. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या आणि पुढल्या हंगामात वेगळ्या लावल्या. असे ते वर्षानुवर्षे निवडत गेले. पुढे शेजाऱ्याने त्यांच्याकडून ते बियाणे नेले, धान बाजारात आले, आणि एका व्यापाऱ्याने त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव त्याला दिले : एचएमटी. हे धान महाराष्ट्राबाहेरही पसरले. आज तुमच्या ताटात एचएमटीचा भात असेल तर त्याचे मूळ या झाडीपट्टीतल्या काही लोंब्यांत आहे.

पुढे कृषि विद्यापीठाने त्याच धानावर शुद्धीकरणाचे काम करून ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण दिला, आणि श्रेय कोणाचे यावरून बरीच वर्षे वाद चालला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हाही घरची स्थिती बेताचीच होती. माणूस बियाणे मोकळ्या हाताने देत गेला. घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ‘कोठून आणले’ हा रकाना भरला. आता २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतः जोपासलेल्या वाणाची नोंदणी करता येते, आणि बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्कही त्याच्याकडे राहतो. पण कायदा कागद मागतो. ज्याने पहिल्या दिवसापासून वही लिहिली, त्याचे काम सोपे. आणि ज्याने दुसऱ्याकडून बियाणे नेले, त्याने त्याचे नाव लिहिणे हे कायद्याच्याही आधीचे देणे आहे.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. यंदा मृग लागेल तेव्हा घरच्या पोराला, आणि पोरीलाही, एक लहानसा तुकडा द्या. बांधी नसेल तर परसातला वाफा द्या. चार वांगी, दोन मिरच्या पुरेत. हातात वही द्या. सिंदेवाहीला भाताचे संशोधन केंद्र आहे, कृषि विज्ञान केंद्र आहे. एखादा दिवस मुलांना तिथे घेऊन जा. प्रदर्शन भरले की त्यांचे पीक मांडा, आणि ते हरले तर समजूत काढताना परीक्षकाला नावे ठेवू नका. मुलाला पहिल्या नंबरच्या पेंढीजवळ नेऊन विचारा, “हिच्यात काय आहे जे आपल्यात नाही?” हरलेल्या मुलाला तिथे जेवढे शिकता येते तेवढे जिंकलेल्याला येत नाही.

आणि तरुण मित्रहो, तुम्हाला एवढेच सांगतो. वही लिहा. काय घातले, काय निघाले, कोणाकडून आले आणि काय चुकले, हे चार रकाने पुष्कळ झाले.

मी नंतर अनेक वर्षे शाळांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसलो. पेंढी मी शेवटी पाहतो. आधी वही मागतो आणि तीत खाडाखोड शोधतो. ज्या वहीत एकही चूक नाही, तिच्या मालकाशी थोडे जास्त बोलतो.

काकीच्या मुलाला मी वही शिकवली, पण ती तिसऱ्या वर्षी. तिनेच एके दिवशी त्याला पाठवले. बरोबर पाटी नव्हती, दप्तर नव्हते. हातात एका फडक्यात बांधलेले पसाभर बियाणे होते. मी वही उघडली, रकाने आखले आणि त्याला विचारले, “कोठून आणलं?”

तो म्हणाला, “मायनं दिलं. तुमच्या त्या दोन पोत्यांतलं राखून ठेवलं होतं.”

मी तसेच लिहायला सांगितले.